दुहेरी मागणी

फॉर्म धैर्यशीलने भरला. घोळ तिथेच झाला, म्हणून सांगायला सुरुवातही तिथूनच करते.

माझा नवरा साताऱ्याच्या आयटीआयमध्ये लेथ शिकवतो. गल्लीत मात्र त्याची ओळख फॉर्म भरून देणारा माणूस अशी आहे. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नाही, आणि कुठल्या रकान्यात काय लिहिलं की कागद परत येत नाही याची पक्की जाण. २०४१ साल उजाडलं तरी सरकारला पडद्यावर भरलेलं सगळं पुन्हा कागदावर लागतंच, त्यामुळे रविवारी आमच्या ओट्यावर चार माणसं बसलेली असतात. सही त्यांची, बाकी सगळं धैर्यशीलचं. घरातल्या माणसांचे फॉर्म तर तो विचारल्याशिवायच भरतो. आपल्या माणसाबद्दल आपल्याला सगळं ठाऊक असतं, असं त्याला वाटतं.

वंध्यत्व उपचार केंद्रातला अकरा पानांचा फॉर्म त्याने असाच भरला. मी शेजारी बसून जावळीतल्या एका शेतकऱ्याशी फोनवर बोलत होते. मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार आहे. ड्रोन उडवून शेतांच्या हद्दी काढते आणि दोन भावांच्या भांडणात दोघांच्याही शिव्या खाते. त्या दिवशीही कुणाचा तरी बांध दोन फूट सरकला होता. धैर्यशीलने खुणेने माझं वजन विचारलं, मी बोटांनी दाखवलं, तेवढाच माझा सहभाग. मधुमेह, नाही. क्षय, नाही. शस्त्रक्रिया, नाही. पूर्वीचं नाव, रिकामं. यापूर्वी स्त्रीबीजदान केले आहे काय, नाही.

बीजदानापुढची ती 'नाही'ची खूण मी पाहिली नाही असं म्हणणार नाही. सही करताना पाहिली. पलीकडे सासूबाई बसल्या होत्या. त्यांना आम्ही सुना आत्या म्हणतो. माझा हात जरा थांबला, आणि मग मी सही केली.

लग्नाआधी मी मयूरी साळुंखे, वडूजची. थोरल्या जाऊबाईंचं नावही मयूरीच निघालं. एका घरात दोन मयूरी कशा चालतील, म्हणून लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नाव ईश्वरी लिहिलं गेलं. पुढे आधार, नोकरी, बँक, सगळीकडे ईश्वरी जगदाळे झालं. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर नवं नाव आवडलं. मयूरीबरोबर तिचं पुण्याचं हॉस्टेल मागे राहिलं, आणि हॉस्टेलमधली एक गोष्टही.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. खोलीतल्या विभावरीच्या वहिनीला मूल होत नव्हतं, दुसऱ्या कुणाचं तरी बीज लागणार होतं, विभावरी दोन दिवस रडत होती. मी म्हटलं, माझी घ्या. दहा दिवस पोटात इंजेक्शनं घेतली, पंधरा बीजं निघाली. वहिनीला त्यातून काही झालं नाही. उरलेली राज्याच्या बीजपेढीत ठेवायला माझी हरकत नाही असं मी लिहून दिलं आणि परीक्षेला बसले. घरी बोलले नाही, कारण प्रश्नांचा कंटाळा. लग्न ठरलं तेव्हा हे सांगायचं असतं हे मला सुचलंच नाही, आणि सुचलं तेव्हा फार उशीर झाला होता.

चौतिसाव्या वर्षी डॉक्टर म्हणाले की माझ्या अंडाशयातली बीजं वेळेआधीच संपत आली आहेत. पहिला विचार मनात आला तो त्या पंधरांचा. नंतर कधीतरी दुसऱ्याच बाईचा प्रश्न असल्यासारखं मी विचारून घेतलं. बीजदानाचा याच्याशी संबंध नसतो म्हणे. दर महिन्याला बीजांची एक तुकडी वाढायला लागते, त्यातलं एक पिकतं आणि बाकीची सुकून जातात. इंजेक्शनांनी ती सुकणारीच पिकवून काढतात. हे ऐकून डोक्याला पटलं, मनाला नाही.

केंद्रातल्या समुपदेशक तरन्नुम बागवान. पन्नाशीच्या, बोलणं सावकाश, हातात कायम पेन्सिल. त्यांनी आमच्यापुढच्या तीन वाटा कागदावर काढून दाखवल्या. आत्या सोबत होत्याच.

पहिली वाट माझ्याच उरल्यासुरल्या बीजांची. केंद्रातल्या यंत्राच्या हिशेबात प्रत्येक प्रयत्नाला यशाची शक्यता दोन टक्के. तरन्नुमबाईंनी त्या आकड्यावर पेन्सिल टेकवली आणि पुढे गेल्या.

दुसरी नवीन होती. हाताच्या कातडीचा बारीकसा तुकडा घ्यायचा आणि त्यातून बीज घडवायचं. आईच्या पोटात आपण चार-आठ पेशींएवढे असतो तेव्हा त्यातली प्रत्येक पेशी शरीरातलं काहीही होऊ शकते. मग कुणी कातडी होते, कुणी हाड, आणि आपल्याला दुसरं काही होता येत होतं हे विसरून जाते. प्रयोगशाळेत रसायनांनी तिला ते परत आठवून देतात आणि मग बीज व्हायला शिकवतात. अडतं एकाच ठिकाणी. कातडीच्या पेशीत गुणसूत्रं शेहेचाळीस, बीजात हवीत बरोबर तेवीस. अंडाशयाला हे निम्मं करणं जमतं. प्रयोगशाळेत कधी बावीस राहतात, कधी चोवीस, आणि असं बीज वाया जातं. शंभर घडवली तर धड निघतात चार-पाच. देशात दोनच ठिकाणी परवानगी, दोन वर्षांची रांग, आणि आमच्यासाठी शक्यता अकरा टक्के.

तिसरी वाट बीजपेढीची. दुसऱ्या बाईचं तरुणपणी काढलेलं बीज, धैर्यशीलचं शुक्रबीज आणि माझं गर्भाशय. द्रव नायट्रोजनमध्ये, उणे एकशे शहाण्णव अंशांवर ठेवलेल्या बीजाला वय चढत नाही. काढलं तेव्हा ते जितक्या वर्षांचं होतं, तितक्याच वर्षांचं राहतं. शक्यता एकसष्ट टक्के. बीज कुणाचं ते कुणालाच कळत नाही. जुळणीचं यंत्र रक्तगट, उंची, वर्ण आणि चेहऱ्यावरची दोनशे मापं पडताळून आईशी मिळतीजुळती बीजदाती शोधतं. नाव आणि जनुकं मात्र मोहोरबंद. ती यंत्रालाही पाहायची परवानगी नाही.

"छत्तीसपैकी किती गुण जुळायला पाहिजेत?" आत्यांनी विचारलं. तरन्नुमबाई हसल्या. आम्ही तिसरी वाट धरली.

पंधरा दिवसांनी त्यांनी बोलावून घेतलं. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव जुळत होते. बारा वर्षांत असं पाहिलं नाही, म्हणाल्या. त्यांनी बीजदातीच्या माहितीचा कागद पुढे केला. सातारा जिल्हा, रक्तगट ओ, पाच फूट तीन इंच, चष्मा, शिक्षण स्थापत्य पदविका. खाली 'बाळासाठी दोन ओळी' असा रकाना होता. धैर्यशीलने तो मोठ्याने वाचला. 'गणितात नापास झालास तर रडू नको. मीही झाले होते, आणि पुढे गणितावरच पोट भरणार आहे.'

त्या ओळी मी लिहिल्या होत्या. हॉस्टेलच्या गॅलरीत, इंजेक्शनाने फुगलेलं पोट धरून.

सगळ्यात खाली कायद्याने द्यावी लागणारी माहिती होती. शिल्लक बीजं सहा. आतापर्यंत जन्म एक, मुलगी, वय पाच. ती ओळ मी तीनदा वाचली. पाच वर्षं एक मुलगी कुठेतरी वाढत होती, आणि मी त्याच पाच वर्षांत दर महिन्याला बाथरूममध्ये बसून रडत होते. मला घाम फुटला. तरन्नुमबाईंना वाटलं आनंदाने.

परतताना धैर्यशील त्या दोन ओळींवर खूश होता. पोवई नाक्यावर सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सहज बोलून गेला, "पण एक सांगू? आपलं पोर कुठं आहे, कसं आहे, हे माहीत नसताना ही बाई झोपत कशी असेल? काळीज कसलं असेल तिचं?"

"आपल्याला काय करायचंय तिच्या काळजाशी," मागून आत्या म्हणाल्या. "बी चांगलं हाय, झालं."

त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. माझा नवरा वाईट नाही, तोंडाला आलं ते बोलला. पण ते मला लागलं, आणि लागल्यावर मी गप्प बसते हा माझा जुना दोष. घरी पोचेपर्यंत मी मनाशी ठरवूनही टाकलं. बीज माझं, पोट माझं, मूल माझं. यात चोरी कुणाची झाली? देवाने दिलेलं दान पदरात घ्यावं आणि तोंड बंद ठेवावं.

आठवडाभराने फोन आला. धैर्यशीलने तो स्वयंपाकघरात स्पीकरवर लावला. तरन्नुमबाईंचा आवाज पडलेला होता. ज्या घरात ती मुलगी आहे, त्या कुटुंबानेही त्याच सहा बीजांची मागणी नोंदवली होती. मुलीला भावंड हवं म्हणून. आमची आणि त्यांची मागणी एकाच आठवड्यात पडल्यामुळे आता निर्णय बीजदातीचा. दोन्ही कुटुंबांनी एकेक पानाचं पत्र लिहायचं, नावं झाकून ती पत्रं तिला जाणार, तिने सात दिवसांत सांगायचं. तिने काहीच कळवलं नाही, तर बीजं मुलीच्या घरी जाणार.

धैर्यशीलने विचारलं, तीन-तीन वाटून घेतली तर? तरन्नुमबाईंनी यंत्राला विचारून सांगितलं की मग दोन्ही घरांची शक्यता चौतीसवर येते, आणि दोघांच्याही हाती काहीच न लागण्याची शक्यता होते चव्वेचाळीस. मला हे समजावून सांगायची गरज नव्हती. दोन भाऊ अर्ध्या एकराचे दोन तुकडे करतात आणि मग कुणालाच बैल वळवता येत नाही, हे मी दर आठवड्याला पाहते.

"आणि त्या बाईलाच परत पाहिजे असली तर?" भाजी निवडता निवडता आत्या म्हणाल्या.

माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. तरन्नुमबाई म्हणाल्या की तसा नियम आहे. बीजदातीला स्वतःसाठी हवी असतील तर सगळ्यांच्या आधी तिचा हक्क. लग्न झालेलं असेल तर नवऱ्याने सगळं वाचून, समजून सही करायची. पण आजवर असं कुणी मागितलेलं नाही.

धैर्यशीलने पत्र लिहिलं. मलाही लिही म्हणाला. मी म्हटलं, तुझं अक्षर चांगलं आहे. जेवणाच्या टेबलावर डाव्या हाताने कागद झाकून तो दीड तास लिहीत होता, आणि मला दाखवलं नाही.

चौथ्या दिवशी वडूजहून माझ्या भावाचा, संग्रामचा फोन आला. "ताई, मयूरी साळुंखेच्या नावानं सरकारी पाकीट आलंय. पोस्टमन म्हणतोय, तिच्याच हातात द्यायचं. तुझा काय घोटाळा आहे?" मी म्हटलं, जुन्या कॉलेजचं असेल. मोजणी आहे असं घरी सांगून खात्याच्या गाडीने वडूजला गेले, पाकीट घेतलं आणि गावाबाहेर गाडी उभी करून फोडलं. सात दिवस आजपासून मोजायचे होते. शनिवारी संध्याकाळी पाचला मुदत संपत होती.

आत दोन पत्रं होती, नावांवर काळ्या पट्ट्या. पहिलं त्या मुलीच्या आईचं.

'ताई, आमची मुलगी तुमच्यामुळे आहे हे तिला आम्ही सांगितलंय. ती खूप बडबडी आहे. भीती वाटली की शंभरापासून उलटे आकडे मोजते. हे तिला आम्ही शिकवलेलं नाही. आम्ही दोघं पन्नाशीला आलोय, ना दीर ना नणंद, माझंही माहेर संपलेलं. आमच्यामागे तिला तिच्या रक्ताचं एक माणूस असावं, एवढीच इच्छा आहे.'

ड्रोनचा सिग्नल तुटतो तेव्हा मी उलटे आकडे मोजते. लहानपणी लाइट गेली की मोजायचे. कुणी शिकवलेलं नव्हतं. मग दुसरं पत्र उघडलं. ते अक्षर तर काय, मोत्यासारखं.

'ताई, माझ्या बायकोला मी तीन वर्षं सांगतोय की मूल नसलं तरी मला चालेल. ते खरं नाही. मला पाहिजे. आमच्या संस्थेसमोर प्राथमिक शाळा आहे. ती सुटायच्या वेळी फाटकात बाप लोक उभे असतात, म्हणून मी मुद्दाम अर्धा तास उशिरा निघतो. हे बायकोला कळलं तर ती स्वतःला दोष देईल, म्हणून तुम्हालाच सांगतोय. तुमच्याबद्दल मी एकदा वाईट बोललो. तुम्ही ते ऐकलं नाहीत, पण मी बोललो हे खरं, म्हणून माफी मागतो. त्या दुसऱ्या घराला दिलंत तरी तुम्हाला नावं ठेवणार नाही.'

मी रडले. रागही आला, त्याचा आणि माझा. आठ वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी जे बोलला नाही, ते एका अनोळखी बाईशी बोलला, आणि ती बाई मीच निघाले.

पाकिटात उत्तराचा कागद होता. कुटुंब क, कुटुंब ख, स्वतःसाठी, असे तीन चौकोन. धैर्यशीलच्या पत्रावर 'क' होतं, म्हणजे आम्ही 'क'. तिथे एक खूण, मयूरी साळुंखेची सही, की संपलं. धैर्यशीलला काही कळलं नसतं, आत्यांना कळलं नसतं, त्या बाईलाही एवढंच कळलं असतं की कुणीतरी आपली पत्रं वाचून, तोलून निर्णय दिला. पेन मी उघडलंही. पण आमच्या खात्यात एक नियम आहे. मोजणीदाराचं स्वतःचं शेत वादात असेल तर त्याने यंत्राला हात लावायचा नाही. त्याने समोर येऊन उभं राहायचं आणि हे शेत माझं आहे असं सांगायचं. मग वाट्टेल ते होऊ दे. चोरून सरकवलेले बांध उखडण्यात माझी चौदा वर्षं गेली. तो चौकोन माझ्याने भरवेना.

पुढचे सहा दिवस मी माणसांत नव्हते. भाजी दोनदा करपली. कोरेगावात जमिनीच्या एका गटाच्या मोजणीत चूक केली, ती साहेबांनी पकडली. धैर्यशील रोज तरन्नुमबाईंना फोन करून विचारायचा, उत्तर आलं का. मग मला म्हणायचा, आलं नाही म्हणजे विचार करत असेल बिचारी. मी मान हलवायचे.

शनिवारी दुपारी दोनला मी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये गेले. मुलं घरी गेली होती. धैर्यशील लेथ पुसत होता. मी पाकीट पुढे केलं. त्यावरचं नाव वाचून तो म्हणाला, कोण ही? मग थांबला. आमच्या लग्नाच्या पत्रिकेत ते नाव छापलेलं होतं. त्याने कागद बाहेर काढले, स्वतःचं पत्र पाहिलं, आणि त्यावर तळहात ठेवला.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हॉस्टेल, विभावरी, पंधरा बीजं, त्या दोन ओळी. तो हातातल्या चिंधीने बोटं पुसत राहिला.

"फॉर्म भरताना का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठं?"

त्याने मान वर केली. हे मी त्याला आठ वर्षांत कधी म्हटलं नव्हतं. पण मी तिथेच थांबले नाही. म्हटलं, ती माझीही चूक आहे, मी खूण पाहिली आणि सही केली.

"म्हणजे ते पत्र तू वाचलंस," तो म्हणाला. "ते तुझ्यासाठी नव्हतं."

"माझ्यासाठीच होतं की."

तो बाहेर निघून गेला. मी लेथपाशी बसून राहिले. तीन वाजले, साडेतीन झाले. नियम साधा होता, तो परत आला नाही तर पाचला बीजं मुलीच्या घरी जाणार. आणि तो परत आला असता, तरी काय म्हणेल याची मला खात्री नव्हती. नवरा गमवायची भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. त्याआधी मूल न होण्याच्या भीतीपुढे दुसऱ्या भीतीला जागाच नव्हती.

चारला दहा कमी असताना तो आला. डोळे लाल होते. स्टुलावर बसून त्याने त्या बाईचं पत्र वाचलं, दोनदा. उलट्या आकड्यांपाशी आला तेव्हा माझ्याकडे पाहिलं.

"मी सही केली तर त्यांचं जातं," तो म्हणाला.

"हो."

"नाही केली तर आपलं."

"हो."

"मला काय पाहिजे ते तू वाचलंयस. आता तुला काय पाहिजे ते सांग. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नको."

मी म्हटलं, मला माझं मूल पाहिजे. दोन वर्षं रांगेत थांबून अकरा टक्क्यांवर जीव टांगून ठेवायची ताकद माझ्यात नाही. बीजं माझी आहेत आणि मी ती मागणार. पण नावावर काळी पट्टी लावून नाही. बीजदातीला स्वतःचं नाव त्या घराला उघड करता येतं, तशी ओळ कागदावर शेवटी आहे. त्या बाईने मुलीसाठी रक्ताचं माणूस मागितलं होतं. भावंड मी देत नाही, पण तोंड लपवणार नाही.

"गावभर होईल," तो म्हणाला. "आई काय म्हणेल?"

"म्हणू दे."

त्याने कागद पुन्हा वरपासून वाचला. माझ्यावरचा त्याचा राग गेला नव्हता, आणि तो लपवायचा प्रयत्नही त्याने केला नाही. शेवटी त्याने सही केली. माझी सही मी सावकाश, एकेक अक्षर आठवत केली, कारण लग्नानंतर मी मयूरी साळुंखे असं लिहिलं नव्हतं. पाचला वीस मिनिटं असताना केंद्रात तरन्नुमबाईंनी कागद घेतला, वाचला, आणि पेन्सिल बाजूला ठेवून पेनने त्यावर वेळ लिहिली. त्यांच्याच टेबलावर मी त्या बाईला पत्र लिहिलं. माझी दोन्ही नावं, माझा नंबर, मी काय मागितलं आणि का मागितलं. सहा ओळींपलीकडे मला लिहिता आलं नाही.

आत्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. चहाचा कप पुढे सरकवतात, पण बोलत नाहीत. धैर्यशील बोलतो, जपून. रविवारी ओट्यावर आलेल्यांना तो हल्ली सगळे प्रश्न मोठ्याने वाचून दाखवतो. पुढच्या महिन्यात बीजं वितळवायची तारीख मिळाली आहे.

पत्र दिल्यापासून अकराव्या दिवशी मी कोरेगावजवळ एका बांधावर उभी होते. दोन चुलतभाऊ दोन बाजूंना उभे राहून ड्रोन खाली यायची वाट पाहत होते. तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडच्या बाईने नाव सांगितलं नाही, पण मी ओळखलं.

"तुमचं पत्र खूपदा वाचलं," ती म्हणाली. "हक्क तुमचा होता हे मला समजतं. समजलं म्हणून राग जात नाही."

मी म्हटलं, जाऊही नये.

"तिला मी सांगून बसले होते की घरात बाळ येणार. आता येणार नाही हे मला सांगवत नाही. ते तुम्ही सांगा."

आणि मी काही म्हणायच्या आत फोन दुसऱ्या हातात गेला. आधी नुसता श्वास ऐकू आला, मग आवाज.

"बाळ तुमच्याकडे येणारे?"

"अजून माहीत नाही," मी म्हटलं. "कदाचित येईल."

"आलं तर ते माझं कोण?"

"भाऊ. नाहीतर बहीण."

"आणि नाही आलं तर?"

न येण्याची शक्यता शंभरात एकोणचाळीस. त्या सात दिवसांत मी सगळ्या बाजूंनी विचार केला होता असं मला वाटत होतं. हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

"नाही आलं तर मी आहे," मी म्हटलं.

तिने त्यावर नीट विचार केला असावा.

"तुम्ही मोठ्या आहात," ती म्हणाली. "मला खेळायला पाहिजे होतं." आणि तिने फोन आईला परत दिला.